एकाच काठाची कॅसेट

सुंदरबाई येणार म्हणून सुपडूभाऊंनी 'गोफण कॅसेट'ची पाटी सकाळीच उतरवली आणि जिन्याखाली, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिली. धुळ्याच्या आग्रा रोडवर या पाटीला दोनदा डांबर फासलं गेलं होतं, एकदा दगड बसले होते, तरी ती जागची हलली नव्हती. साखर कारखान्याच्या चेअरमनच्या माणसांना जे साधलं नाही ते थोरल्या भावाने स्टुलावर चढून चुटकीसरशी केलं. खालून स्टूल धरलं होतं कंपनीच्या मालकाने, धाकट्या मोतीलालने. त्याच्या बायकोला, मंदाबाईला, पाटीपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

पण बोलणार काय? प्रश्न छबीच्या लग्नाचा होता. छबी म्हणजे मोतीलाल-मंदाबाईची एकुलती एक. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर, निर्व्यसनी, चार शब्द सरळ बोलणारा. स्थळ आणलं होतं सुपडूभाऊंनी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक, त्यामुळे खान्देशातली निम्मी स्थळं त्यांना गाड्यांच्या वेळांसारखी पाठ. बोलणी पुरुषांनी पुरुषांशी केली आणि तिथेच घोळ झाला. मुलाचं गाव गिरणेच्या पल्याडचं धामणथडी, मंदाबाईचं माहेर अल्याडचं साकरथडी, मधे नुसती नदी, हे भाऊंना ठाऊक होतं. नव्या व्याह्यांना मात्र त्यांनी सांगितलं, "भावाचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे." ताकाला जाऊन भांडं लपवायची ही त्यांची जुनी खोड.

भांडं साखरपुड्यातच उघडं पडलं. मुलाची आई सुंदरबाई पंगतीत बसली होती. मंदाबाईने आतून जावेला हाक दिली, "अक्का, पंगतमा पानी नही ऊनं." एवढंच. पण सुंदरबाईचा घास हातातच राहिला. सात वर्षं पिठाच्या चक्कीवर, बाजारात, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये जो आवाज तिचा पिच्छा पुरवत होता, तो पडद्याआडून पाणी मागत होता. ती ताटावरून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "गुरुवारले येसू. तवय बोलसू." पुढे ना राग ना लोभ. छबीने तेव्हापासून धड जेवण केलं नव्हतं. "माले हाऊच पोऱ्या करना शे," असं ती आईला तोंडावर म्हणाली होती, आणि मंदाबाईला मुलीचा तो धीटपणा आवडलाही होता.

सुंदरबाईचं दुखणं कळायला आखाजी कळायला हवी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात आणि गिरणाकाठी बार खेळतात. दोन गावच्या लेकी-सुना दोन काठांवर उभ्या राहतात आणि पाण्यावरून एकमेकींना गाण्यात शिव्या देतात. गोफणी फिरतात, ढेकळं उडतात. वर्षभर सासरी तोंड मिटून राहिलेल्या बाया त्या दिवशी असं बोलतात की काठावरचे पुरुष माना खाली घालतात. याला नियम एकच. नदीवरचं बोलणं नदीतच सोडायचं. सूर्य मावळला की पल्याडची मैत्रीण ती मैत्रीण.

मोतीलालने हा नियम मोडला. मुद्दाम नाही, कौतुकाने मोडला. सत्त्याऐंशी सालच्या आखाजीला तो सासुरवाडीला आला होता. बापाचा, उखर्डू आबांचा, लग्नात भोंगे लावायचा धंदा; त्यातलाच एक माईक आणि टेप त्याने सोबत आणला होता. बायको काठावर उभी राहिली, पदर खोचला, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तो हातातला चहा विसरला. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि आपल्या घरात हे काय राहतं आहे याचा त्याला पत्ता नव्हता. धुळ्याला येऊन त्याने त्या आवाजामागे डफ-ढोलकी भरली, कॅसेट काढली आणि नाव दिलं गोफण.

मग जे झालं ते अख्ख्या खान्देशाने पाहिलं. कॅसेट भडगावच्या बाजारात निघाली आणि वरणगावच्या फॅक्टरीच्या गेटपर्यंत पोचली. तोवर अहिराणी म्हणजे घरात बोलायची, बाहेर लपवायची. कॉलेजातली पोरं ती चोरून बोलत. गोफण आली आणि तीच पोरं कट्ट्यावर मोठ्याने अहिराणी फेकू लागली. मोतीलालने मग मागे पाहिलं नाही. पाणी पळवणाऱ्या सरपंचावर गाणं काढलं, काटा मारणाऱ्या अडत्यावर काढलं, साखर कारखान्याच्या चेअरमनवर तर नाव घेऊन काढलं. पोलीस आले, कॅसेटी पोत्यात भरून नेल्या, दोन दिवस त्याला आत बसवलं. बाहेर येताना तो फौजदाराला म्हणाला, "साहेब, तुमना ड्रायव्हर तीच कॅसेट वाजाडी ऱ्हायना." आणि ते खरं होतं.

वना नावाचा त्याचा हुकमी गाणारा फुटला आणि जळगावच्या रतिलालच्या कंपनीला जाऊन मिळाला. तिथून त्याने मोतीलालवरच गाणं काढलं. मोतीलालने महिन्यात उत्तर काढलं, रतिलालने प्रत्युत्तर. दोन वर्षं धुळे आणि जळगाव कॅसेटींवरून भांडले. भडगावला दोन्ही पार्ट्या एका मंडपात आल्या आणि खुर्च्या उडाल्या. पंचांनी गोफण लग्नात वाजवायला बंदी घातली, तर लोक वरात गावाबाहेर थांबवून वाजवू लागले. चांगल्या घरात नाव काढायची सोय नाही असं लोक म्हणत आणि त्याच घरात गोफणची डबी गादीखाली सापडे. मंदाबाईला या माणसाचा जीव तोडून अभिमान होता. इतक्या जणांनी वाकवायला पाहिलं, तो वाकला नाही. आणि आज तो स्टूल धरून उभा होता.

दुपारी सगळे वरच्या खोलीत बसले. ही रेकॉर्डिंगचीच खोली, भिंतींना गोण्या आणि गोधड्या ठोकलेल्या. भाऊंनी मधोमध टिपॉय ठेवला, त्यावर जुन्या भोंग्यातून काढलेलं लोहचुंबक.

"मोती, नीट ऐक," भाऊ म्हणाले. "पोरीचं लग्न एकदाच होतं, कॅसेटी छप्पन निघतील. बाई आली की तिच्यासमोर मास्टर टेप काढायची, हे लोहचुंबक फिरवायचं आणि कोरी करायची. बाजारात आहेत त्या झिजून जातील, मूळ गेलं म्हणजे झालं. आणि मंदाने हात जोडून सांगायचं, यापुढे गाणार नाही."

"व्हई भाऊ," मोतीलाल म्हणाला.

मंदाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्या टेपवर ती तिशीतली होती, नदीचा वारा होता, आता हयात नसलेल्या दोन मैत्रिणींचं हसू होतं. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं. आणि दुसऱ्या पारड्यात छबी. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की पुसायचंच तर आपण पुसू, नवऱ्याच्या हाताने नको.

"पुसाले मी नही म्हनत नही," यशोदाबाई अचानक बोलल्या. सुपडूभाऊंची ही बायको आजवर मंदाबाईच्या गाण्याला नाकं मुरडत आली होती. "पन मंदानी एकलीनी काब्र हात जोडाना? त्या वरीसले मीबी साकरथडीले व्हतू. म्हैसवालं कडवं मीच तिना कानमा सांगं."

भाऊंनी बायकोकडे असं पाहिलं की जणू वेळेवर सुटलेली गाडी भलत्याच गावाला लागली. "तू?"

"हा, मी. तुमी सात वरीस त्याच कडवाले हासतस, माले दखाडतस नही एवढंच."

उखर्डू आबा कोपऱ्यात तक्क्याला टेकून होते. ते खोकले आणि म्हणाले, "मन्हा भोंगासवर पहिलींदाव वाजनी ती. लोके पंगत सोडीसन उठी उनात. सुपडू, तुले सांगस, भोंगा माणूसले मोठा करस नही. त्यामा जे बोलाई जास ते मोठं व्हस." मग जरा थांबून, "पन नात माले जास्ती प्यारी शे," असंही म्हणाले आणि डोळे मिटले. म्हणजे आबांचंही मत मिळालं आणि मिळालं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सुंदरबाई एकटीच आली होती. हातात पितळी डबा, कपाळावर ठसठशीत कुंकू, धुळ्याच्या उन्हाने तोंड लाल झालेलं. ती बसायच्या आधीच बोलली.

"तुमी पाटी काब्र उतारी? रिक्षावाला म्हने, गोफन आठेच कोठे तरी शे. मी उनमा दोन चकरा मार्‍या."

मंदाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. सुंदरबाईने पाणी घेतलं, डबा उघडला आणि एक सांजोरी काढून मंदाबाईच्या हातावर ठेवली. "खाय."

मंदाबाईने तुकडा तोडला. सांजोरी तोंडात विरघळली. तूप बेताचं, गूळ बेताचा, वेलदोडा मागून येणारा. अशी तिला स्वतःला जन्मात जमली नव्हती.

"कशी शे?"

"गोड शे," मंदाबाई म्हणाली.

"मऊ शे का नही?"

"शे. मन्हापेक्षा चांगली शे."

"आते वाजाडा," सुंदरबाई मोतीलालला म्हणाली.

भाऊ पुढे सरसावले. "बाई, वाजवायची गरजच नाही. आम्ही ती तुमच्यादेखत कोरी करतो. हे बघा लोहचुंबक."

"तुमी बसा भाऊ. पहिले वाजाडा."

मोतीलालने मूळ टेप लावली. आधी नदीचा आवाज आला, बायांची कुजबुज आली, आणि मग मंदाबाईचा सात वर्षांपूर्वीचा गळा, खणखणीत, जरासा उर्मट:

*धामणथडीनी सुंदरबाई,*
*तिले सांजोरी येत नही,*
*गोफनमा घाली फेकी दिन्ही,*
*मन्ही म्हैस लंगडी व्हयी गयी.*

टेपवरच्या बाया खिदळल्या. खोलीत कुणी हसलं नाही, आबांची मिशी तेवढी थरथरली. हसण्याच्या मागे, फार लांबून, डास गुणगुणावा तसा एक आवाज आला आणि लगेच ढोलकी सुरू झाली.

"थांबाडा," सुंदरबाई म्हणाली. "मांगे ल्या. हाऊ आवाज कसाना?"

मोतीलालने टेप मागे घेतली, पुन्हा ऐकवली. "पल्याडनं काही तरी शे, बाई. आम्ही ढोलकीखाले दाबी टाकं."

"काही तरी नही. ती मी शे."

मोतीलालने बटण दाबून टेप थांबवली.

"माले बठ्ठी दुनिया सांजोरी म्हनस," सुंदरबाई बोलू लागली. आवाजात रडं नव्हतं. "बाजारमा म्हनस, चक्कीवर म्हनस. मन्हा मालकले लोके इचारतस, साकरथडीनी म्हैस बरी शे ना. मी रडनू नही. बार शे, बारमा बोलतस. पन सात वरीस मन्हा मनमा एकच गोट. मी तवय जबाब दिन्हता. असा दिन्हता की साकरथडीन्या बाया मांगे सरकन्यात. तो जबाब कोठे गया? नदीनं बोलनं नदीमा सोडतस, तुमी घर लई उनात. बरं, लई उनात. मंग दोन्ही काठनं लई येता. एक काठनी नदी ऱ्हास का?"

भाऊ लग्न मोडण्याची तयारी करून बसले होते, रडण्याची केली होती, पंच बोलावण्याची केली होती. याची त्यांनी केली नव्हती.

"माईक एकच व्हता, बाई," मोतीलाल म्हणाला. "आनि वायर पल्याड पुरनी नही."

"पुरनी नही तं धामणथडीमा मांगी लेता. आम्ही दिन्ही असती."

ज्या माणसाने फौजदारापुढे आणि चेअरमनपुढे मान झुकवली नव्हती त्याने ती आता झुकवली. "चुकनं मन्हं," तो म्हणाला, आणि यात भिऊन बोलल्याचा अंशही नव्हता. मंदाबाईला तो पुन्हा तिचा मोतीलाल वाटला. टेप पुसायला तो भीतीने तयार झाला होता; चूक मात्र त्याने मनापासून कबूल केली.

"मग कोरीच करूया ना," भाऊंनी लोहचुंबक उचललं.

"ठेवा ते खाले. सवाल पुसाई गया तं मी जबाब कसाले देऊ?" सुंदरबाई म्हणाली. "दुसरी बाजूले काय शे?"

"वनाना गाना शेतस. जळगावले पळी गया तो."

"मंग वनाले पुसी टाका. ती बाजू मन्ही."

मोतीलाल उठला तेव्हा त्याच्या अंगात विशीतलं वारं शिरलं होतं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, एक माईक सुंदरबाईपुढे, दुसरा मंदाबाईपुढे. आता माईकला तोटा नव्हता. घामाच्या धारा लागल्या. छबी दारात येऊन उभी राहिली, तिला कुणी आत ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. सुंदरबाईने पदर खोचला, डोळे मिटले, आणि सात वर्षं मुरलेला जबाब बाहेर पडला:

*मन्ही सांजोरी म्हैसले लागनी,*
*म्हैस तुन्हापेक्षा शहानी,*
*ती लंगडीसन घर तरी गयी,*
*तू अजून नदीवर कोकलस, बाई.*

यशोदाबाईंनी तोंडात पदर कोंबला. आबांनी मांडीवर थाप मारली आणि मोतीलालने हाताने त्यांना गप्प केलं, टेप चालू होती. गळा काय होता त्या बाईचा! रुंद, खालून उठणारा, नदी ओलांडायला तयार झालेला. मंदाबाईच्या मनात आलं, आपण हा आवाज ढोलकीखाली गाडला, हेच खरं पाप. शिवी दिली ते नव्हे. पण बार लागला की दया-माया नसते. तिने पदर खोचला.

*म्हैस लंगडी, नशीबनी भारी,*
*तुन्हा आंडोर उभा मन्हा दारी.*

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. होणाऱ्या विहिणीला, तिच्या तोंडावर, तिच्या पोरावरून! छबीने तोंड झाकून घेतलं. सुंदरबाईचे डोळे मात्र चमकले. पल्याड तोडीस तोड बाई असल्याशिवाय बाराला गोडी नाही, हे तिला मंदाबाईइतकंच कळत होतं. तिने श्वास घेतला, खोलीत एकवार नजर फिरवली, कपाटात रचलेल्या गोफणच्या डब्यांवर ती जरा थांबली, आणि मग तिने असा शब्द टाकला जो तिने घरून आणलेला नव्हता:

*डबीवर फोटू मोतीलालना,*
*आत घसा मंदाबाईना,*
*खान्देशमा बठ्ठा गाजनी, इहीन,*
*तुन्हं नाव कोठे शे, इहीन?*

इहीन म्हणाली. म्हणजे विहीण. लग्न टिकलं होतं, आणि ते कळूनही कुणाच्या तोंडून आनंदाचा शब्द निघाला नाही, कारण गाण्याचा दुसरा भाग सगळ्यांना एकाच वेळी लागला होता. कपाटातल्या प्रत्येक डबीवर काळा गॉगल घातलेला मोतीलाल होता आणि खाली छापलं होतं, मोतीलाल आणि पार्टी. घरच्या बाईचं नाव बाजारात नको, असं त्या वेळी भाऊ म्हणाले होते, मोतीलाल 'व्हई भाऊ' म्हणाला होता, आणि मंदाबाई काहीच म्हणाली नव्हती. सात वर्षं ती 'आणि पार्टी'मध्ये होती. नवऱ्याच्या कौतुकात ती इतकी बुडालेली होती की हे कधी टोचलं तरी तिने ते हाताने बाजूला सारलं होतं. ते आज पल्याडच्या बाईने नेमकं उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं.

बारात जी पहिली गप्प होते ती हरते. मंदाबाईने तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. साकरथडीच्या काठावर तिला असं कधी झालं नव्हतं. मोतीलाल तिच्याकडे बघत होता, त्याचा चेहरा उतरला होता, आणि त्याने हळूच विचारलं, "बंद करू?"

तिने मानेने नाही म्हटलं. डोळ्यांतलं पाणी पुसलं, माईक जवळ ओढला आणि चालू टेपवर स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी मंदाबाई. साकरथडीनी. मी हारनू."